खरा फोटो न वापरता फोटो-अपलोडची युनिट टेस्ट कशी लिहायची

फोटो अपलोडच्या कोडची टेस्ट लिहायला सांगितली की नवा माणूस पहिल्यांदा आपलं डाउनलोड्सचं फोल्डर उघडतो. तिथे सहलीचा एखादा फोटो सापडतो, तो प्रोजेक्टमध्ये जातो आणि टेस्ट पास होते. पण त्या फोटोमुळे नेमकं काय तपासलं गेलं, हे टेस्ट वाचून कुणालाच सांगता येत नाही. फोटो चौकोनी होता की उभा, त्यात जीपीएस होतं की नव्हतं, तो ५ एमबीच्या वर होता की खाली, हे सगळं त्या फाइलच्या पोटात दडलेलं असतं. चांगल्या टेस्टमध्ये ते तिच्या ओळींमध्येच दिसायला हवं.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या ऑफिसांत नव्यानं रुजू होऊन पायथॉनवर काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. गणेशोत्सवात पुण्यातल्या मंडळांच्या देखाव्यांचे फोटो गोळा करणारी एक छोटी वेबसाइट आहे. लोक मोबाइलवरून फोटो टाकतात. आपण तो तपासतो, आडवा पडला असेल तर सरळ करतो, लहान करतो आणि साठवतो. नियम तीन : फक्त जेपेग आणि पीएनजी चालेल, फाइल ५ एमबीपेक्षा मोठी नको, आणि फोटो कुठे काढला याची नोंद आपल्याकडे राहता कामा नये. चित्राचं काम पिलो ही लायब्ररी करते, टेस्ट पायटेस्टमध्ये चालतात.

खरे फोटो का टाळायचे, हे आधी थोडक्यात. गिटमध्ये एकदा गेलेली फाइल नंतर पुसली तरी इतिहासात राहते, त्यामुळे रिपॉझिटरी फुगत जाते. टेस्टमध्ये घरच्या लॅपटॉपवरचा पत्ता लिहिलेला असतो, तो सीआय सर्व्हरवर, म्हणजे प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर, सापडत नाही. विंडोजला फाइलच्या नावातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. म्हणून तुमच्याकडे हिरवी (पास) असलेली टेस्ट सर्व्हरवर लाल (नापास) होते. आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट म्हणजे मोबाइलच्या फोटोत बऱ्याचदा घराचं अक्षांश-रेखांश असतं, माणसांचे चेहरे असतात. सहकाऱ्याच्या मुलाचा फोटो कंपनीच्या रिपॉझिटरीत कायमचा राहणं मला अजिबात मान्य नाही.

पायरी १ : कोडचे तुकडे करा

सगळा कोड एकाच लांबलचक व्ह्यूमध्ये, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये, असेल, तर टेस्टमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण एचटीटीपी रिक्वेस्ट उभी करावी लागते. त्याऐवजी तीन फंक्शनं करा. पहिलं तपासणारं : बाइट्स घेतं आणि ते चालतील की नाही ते सांगतं, चालत नसतील तर कारणासकट. दुसरं घडवणारं : बाइट्स घेतं, फोटो सरळ आणि लहान करून नवे बाइट्स परत देतं. तिसरं साठवणारं : बाइट्स आणि नाव घेऊन ते डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवतं. पहिल्या दोघांना डिस्क, डेटाबेस, रिक्वेस्ट यातलं काहीही ठाऊक नसावं. अपलोडमधल्या बहुतेक चुका याच दोन फंक्शनांत होतात, आणि त्यांच्या टेस्टला बाइट्सशिवाय काही लागत नाही.

पायरी २ : कोडच्या हाती काय येतं ते ओळखा

अपलोड झालेल्या फाइलबरोबर तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात : फाइलचं नाव, ब्राउझरनं सांगितलेला प्रकार, आणि प्रत्यक्ष बाइट्स. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे पाकिटावरचा मजकूर. पाठवणारा त्यावर काहीही लिहू शकतो. ब्राउझरसुद्धा प्रकार सांगताना बहुधा नावाच्या शेपटावरूनच, म्हणजे टिंबानंतरच्या अक्षरांवरूनच, अंदाज करतो. म्हणजे नाव आणि प्रकार एकमेकांशी जुळले म्हणून आत फोटोच आहे असं ठरत नाही.

टेस्ट लिहिताना या तिन्ही गोष्टी सुट्या ठेवा, मग त्यांच्या हव्या तशा जोड्या लावता येतात. नाव जेपेगचं, बाइट्स पीएनजीचे. नाव आणि प्रकार दोन्ही पीएनजीचे, आत साधा मजकूर. डिस्कवरच्या खऱ्या फाइलमध्ये या तीन गोष्टी एकत्र चिकटून येतात, म्हणूनच तिथे असल्या जोड्या जमवणं अवघड जातं.

पायरी ३ : मेमरीतच फोटो बनवा

टेस्टच्या फोल्डरमध्ये ‘फोटो बनवा’ असं एक मदतनीस फंक्शन लिहा. त्याला रुंदी, उंची, रंग आणि प्रकार द्यायचा. काही दिलं नाही तर १० बाय १० पिक्सेलचा लाल पीएनजी मिळावा. आत तीनच कामं आहेत. पिलोच्या इमेज मॉड्युलमधल्या ‘न्यू’ला रंगपद्धत, माप आणि रंग देऊन चित्र तयार करायचं. पायथॉनच्या आयओ मॉड्युलमधलं ‘बाइट्सआयओ’ घेऊन रिकामा बफर करायचा. हा मेमरीतच राहतो, पण फाइलसारखा वागतो. मग चित्र त्या बफरमध्ये सेव्ह करायचं. एरवी पिलो फाइलच्या नावावरून प्रकार ओळखते, पण बफरला नाव नसतं, म्हणून सेव्ह करताना ‘फॉरमॅट’ स्पष्ट सांगावा लागतो.

फंक्शननं परत काय द्यायचं? बफर देऊ नका, बफरवर ‘गेटव्हॅल्यू’ चालवून मिळालेले बाइट्स द्या. बफरला वाचण्या-लिहिण्याची जागा दाखवणारी एक खूण असते. सेव्ह झाल्यावर ती शेवटाला जाऊन थांबते, आणि तोच बफर पुढे दिला तर वाचणाऱ्याला शून्य बाइट्स मिळतात. ‘सीक’ला ० देऊन खूण सुरुवातीला आणता येते, पण हे प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवावं लागतं. नवख्यांच्या टेस्टमध्ये ‘फाइल रिकामी आहे’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच तपासायला सांगतो. बाइट्सना खूण नसते. ते कितीही वेळा वापरा. जिथे बफर लागेल तिथे त्यांच्यावरून नवा करा.

आणखी एक. पारदर्शकता असलेलं, म्हणजे आरजीबीए पद्धतीचं चित्र पिलो जेपेग म्हणून सेव्ह करत नाही, एरर देते. तुमच्या घडवणाऱ्या फंक्शनमध्ये पीएनजी घेऊन जेपेग बनवत असाल, तर ही टेस्ट पहिल्याच दिवशी लिहा. पारदर्शक पीएनजी टाकणारा कुणीतरी नक्की येतो. मंडळाचा लोगो बहुधा तसाच असतो.

पायरी ४ : पिलोशिवाय, हातानं लिहिलेले बाइट्स

तुमचा कोड फक्त सुरुवातीचे बाइट्स पाहून प्रकार ओळखत असेल, तर चित्र बनवण्याचीही गरज नाही. प्रत्येक प्रकाराची सुरुवात ठरलेली आहे. पीएनजीचे पहिले ८ बाइट्स दशमान पद्धतीत असे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. जेपेग २५५, २१६, २५५ ने सुरू होतं. जिफची सुरुवात ७१, ७३, ७०, ५६ अशी होते. वेबपीमध्ये आधी ८२, ७३, ७०, ७०, मग लांबीचे ४ बाइट्स आणि त्यानंतर ८७, ६९, ६६, ८० येतात; म्हणून वेबपी ओळखायला पहिले ४ बाइट्स पुरत नाहीत, १२ बघावे लागतात.

पीएनजीचे ते ८ आकडे फार विचारपूर्वक निवडलेले आहेत. १३७ हा १२७ पेक्षा मोठा आहे, त्यामुळे वाटेत कुणी ८ पैकी ७ बिटच पुढे पाठवले तर लगेच कळतं. १३ आणि १० या ओळ संपल्याच्या खुणा आहेत; एखाद्या प्रोग्रामनं फाइलला मजकूर समजून ओळींचे शेवट बदलले, तर ही ८ बाइट्सची सहीच बिघडते आणि गडबड पकडली जाते.

प्रकार ओळखण्याच्या टेस्टमध्ये हे आकडे थेट लिहिले की वाचणाऱ्याला नियम समोरच दिसतो. जुन्या लेखांत या कामासाठी पायथॉनचं ‘आयएमजीएचडीआर’ मॉड्युल सुचवलेलं आढळेल. पायथॉन ३.१३ मधून ते काढून टाकलं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५ : नकाराच्या टेस्ट

चांगला फोटो स्वीकारला जातो, ही टेस्ट एक-दोनदा लिहिली की झालं. खरं काम नाकारण्याच्या टेस्टमध्ये आहे आणि वेळ तिथेच द्यावा. पायटेस्टचं ‘पॅरामीटराइझ’ वापरून एकाच टेस्टला वाईट बाइट्सची यादी द्या आणि प्रत्येकाला इंग्रजी अक्षरांत नाव द्या, म्हणजे टेस्ट लाल झाली की कोणता प्रकार अडला ते पाहताक्षणी कळतं. यादीत किमान हे असावेत : शून्य बाइट्सची फाइल, जेपेगचं नाव लावलेला साधा मजकूर, फक्त पीएनजीची सही आणि पुढे काहीच नाही, अस्सल पण आपल्या नियमात न बसणारा जिफ, आणि एसव्हीजी. एसव्हीजी हा मुळात मजकूर असतो आणि त्यात स्क्रिप्ट बसू शकते, म्हणून तो नाकारला जातो हे वेगळं तपासा.

अर्धवट फोटोकडे जरा जास्त लक्ष द्या. मोबाइलचं नेटवर्क गेलं की असे फोटो येतात. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरून कुणी फोटो टाकत असेल तर नक्कीच येतील. पिलोचं ‘ओपन’ फक्त सुरुवातीची माहिती वाचतं, पिक्सेल वाचत नाही. त्यामुळे शेपूट तुटलेलं जेपेग ‘ओपन’मध्ये आरामात पास होतं. ‘व्हेरिफाय’ पीएनजीच्या बाबतीत उपयोगी पडतं, पण तुटलेलं जेपेग ते पकडेल यावर विसंबू नका. खात्री ‘लोड’मध्ये आहे : तिथे पिक्सेल खरोखर उलगडले जातात आणि कमी पडले की एरर येते. शिवाय ‘व्हेरिफाय’ चालवल्यावर तेच चित्र पुढे वापरता येत नाही, बाइट्सवरून पुन्हा उघडावं लागतं.

ही टेस्ट लिहिताना एक खाचखळगा आहे. एकाच रंगाचं लहान जेपेग बनवून ते मधोमध कापलं, तर तुम्ही पिक्सेलमध्ये कापलेलं नसतं. इतक्या लहान फाइलमध्ये बहुतेक भाग सुरुवातीच्या तक्त्यांचाच असतो आणि कापही तिथेच बसतो. मग ‘ओपन’च एरर देतं, टेस्ट हिरवी होते, आणि जी चूक पकडायची होती ती तशीच राहते. म्हणून चित्र गोंगाटाचं बनवा : ओएस मॉड्युलच्या ‘यूरँडम’मधून २०० × २०० × ३, म्हणजे १,२०,००० यादृच्छिक बाइट्स घ्या आणि पिलोच्या ‘फ्रॉमबाइट्स’ला देऊन २०० बाय २०० चं आरजीबी चित्र करा. ते जेपेगमध्ये सेव्ह करून शेवटचा चौथा हिस्सा छाटा. आता काप नक्की पिक्सेलमध्ये बसतो. टेस्टमध्ये एक ओळ अशीही घाला, जी ‘ओपन’ बिनतक्रार चालतं हे आधी दाखवेल. मगच आपलं फंक्शन ते नाकारतं हे तपासा.

इथे कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पिलोचंच मॉक करू, म्हणजे तिच्या जागी नकली वस्तू ठेवू. मी स्पष्ट सांगतो, करू नका. मॉक तुम्ही शिकवलेलंच उत्तर देतं. ‘ओपन’ आळशी आहे, ‘व्हेरिफाय’ अर्धंच पाहतं, हे मॉकला माहीत नसतं, कारण ते तुम्हालाही माहीत नव्हतं. मेमरीतलं १० पिक्सेलचं चित्र क्षणात तयार होतं आणि पिलोचं खरं वागणं दाखवतं. मॉक आपल्या हद्दीबाहेरच्या गोष्टींसाठी राखून ठेवा : क्लाउड, ईमेल, दुसऱ्याची सेवा.

पायरी ६ : साइजच्या मर्यादा

५ एमबी म्हणजे नेमके किती बाइट्स, हे टीममध्ये ठरवून घ्या. १०२४ च्या हिशेबानं ५२,४२,८८० होतात, १००० च्या हिशेबानं ५०,००,०००. टेस्टमध्ये हा आकडा लिहिला की पुढचा वाद मिटतो. तपासायच्या जागा दोन : बरोबर मर्यादेइतकी फाइल चालते, एक बाइट जास्त असलेली चालत नाही.

आता ५ एमबीचा फोटो बनवायचा कसा? मोठं माप देऊन उपयोग नाही. ४००० बाय ३००० चं एकरंगी चित्र दाबलं जाऊन अगदी लहान होतं. सोपा मार्ग म्हणजे लहानसं खरं जेपेग घ्यायचं आणि त्याच्या शेवटी हवे तितके शून्य बाइट्स जोडायचे. पिलो ते उघडते, आणि लांबी तुमच्या हातात राहते. त्याहून सरळ मार्ग हवा असेल तर मर्यादा सेटिंगमधून घ्या आणि टेस्टपुरती ती २,००० बाइट्स करा.

बाइट्सची मर्यादा पाळूनही एक धोका उरतो. पीएनजीच्या सुरुवातीला रुंदी-उंची लिहिलेली असते. तिथे ३०,००० बाय ३०,००० लिहिलं, तर फाइल लहान असूनही उलगडताना ९० कोटी पिक्सेल, म्हणजे प्रत्येकी ३ बाइट्स धरून २७० कोटी बाइट्स मेमरी लागेल. सर्व्हर जागच्या जागी बसेल. पिलो स्वतः ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर गेल्यास इशारा देते आणि त्याच्या दुपटीच्या वर गेल्यास एरर देते. पण इशारा म्हणजे नकार नव्हे. तुमची मर्यादा तुम्ही लावा.

उलगडताना अशी फुगणारी फाइल, म्हणजे बाँब, हातानं बनवता येतो. पिलोकडून १ बाय १ चं पीएनजी घ्या. शून्यापासून मोजायला लागलं की १६ ते १९ या जागांवर रुंदी आणि २० ते २३ या जागांवर उंची असते, मोठा बाइट आधी. त्या ८ जागा बदला. मग १२ ते २८ या १७ बाइट्सवर ‘झीलिब’ मॉड्युलमधलं ‘सीआरसी३२’ चालवा आणि उत्तर २९ ते ३२ या जागांवर लिहा. ही पडताळणी-संख्या बदलली नाही, तर पिलो फाइल खराब म्हणून नाकारते आणि तुमची टेस्ट चुकीच्या कारणानं हिरवी होते. म्हणून ‘नाकारलं’ एवढंच न तपासता कोणत्या कारणानं नाकारलं तेही तपासा. हे सगळ्याच नकाराच्या टेस्टना लागू आहे.

पायरी ७ : आडवे पडणारे फोटो आणि जीपीएस

मोबाइल उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आडवाच साठवला जातो आणि ‘दाखवताना वळवा’ अशी सूचना एक्झिफ या माहितीत लिहिली जाते. तिचा टॅग क्रमांक २७४, किंमत १ ते ८. किंमत ६ असेल तर चित्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं ९० अंश वळवून दाखवायचं. आपण फोटो लहान करताना ही सूचना गमावली, तर बाप्पा आडवे दिसतात.

टेस्टसाठी ४० बाय २० चं निळं चित्र करा आणि ‘पेस्ट’ वापरून त्याचा डावा अर्धा लाल करा. पिलोच्या ‘एक्झिफ’ वस्तूत २७४ ला ६ द्या आणि जेपेग सेव्ह करताना ती सोबत द्या. घडवणाऱ्या फंक्शनमधून बाहेर आलेलं चित्र २० बाय ४० हवं आणि लाल भाग वर हवा. फक्त माप तपासलं तर उलट दिशेला वळवणारा कोडही पास होईल. दोन रंग त्यासाठीच आहेत. जेपेगमध्ये रंग किंचित बदलतो, २५५ चा २५४ होतो, म्हणून रंगाची नेमकी बरोबरी मागू नका. वरच्या आणि खालच्या भागाच्या मध्यातला एकेक पिक्सेल घ्या आणि लाल जास्त की निळा एवढंच पाहा. कोडमध्ये हे वळवायला पिलोच्या ‘इमेजऑप्स’मध्ये ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ तयार आहे.

जीपीएसची नोंद टॅग ३४८५३ खाली असते. टेस्टच्या फोटोला पुण्याचा पत्ता द्या : १८ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व. मग घडवलेल्या फोटोत तो टॅग नाही हे तपासा. पण त्याआधी, मूळ बाइट्समध्ये टॅग खरोखर आहे हे तपासणारी ओळ हवीच. ती नसेल आणि मदतनीस फंक्शनमध्येच टॅग लिहायचा राहून गेला असेल, तर टेस्ट आयुष्यभर हिरवी राहील आणि लोकांच्या घरांचे पत्ते बाहेर जात राहतील.

पायरी ८ : मराठी नावं

इंग्रजी लेखांत हा भाग सहसा सापडत नाही आणि आपल्याकडे तो पहिल्याच आठवड्यात आडवा येतो. लोक फोटोला ‘कसबा गणपती’, ‘तांबडी जोगेश्वरी’, ‘गुरुजी तालीम’, ‘तुळशीबाग’, ‘केसरीवाडा’ अशीच नावं देणार.

जँगो हे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क फाइल साठवण्यापूर्वी नाव स्वच्छ करतं आणि अक्षर, अंक, अधोरेखा, टिंब आणि जोडरेघ सोडून बाकी सगळं काढून टाकतं. आता अक्षर म्हणजे काय, हे पायथॉनचं रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधणारी सोय) ठरवतं, आणि त्याच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरं नाहीत. त्यामुळे ‘कसबा गणपती’चं ‘कसब_गणपत’ होतं, ‘तुळशीबाग’चं ‘तळशबग’ आणि ‘गुरुजी तालीम’चं ‘गरज_तलम’. फ्लास्क या दुसऱ्या फ्रेमवर्कबरोबर येणाऱ्या वर्कझोइगमधलं ‘सिक्युअर फाइलनेम’ याहून पुढे जातं : ते इंग्रजी सोडून सगळंच काढतं, आणि ‘कसबा’ नावाच्या जेपीजी फाइलचं उरतं फक्त ‘जेपीजी’, टिंबसुद्धा जातं. मराठी नावाची दुसरी फाइल आली की तिचंही नाव तेच होतं. साठवणारा कोड साधा असेल तर दुसरा फोटो पहिल्यावर जाऊन बसतो.

उपाय असा, की साठवायचं नाव आपणच तयार करायचं, उदाहरणार्थ यूयूआयडी, म्हणजे सहसा पुन्हा न येणारा लांब क्रमांक. शेपूट प्रत्यक्ष बाइट्स पाहून ठरवायचं. आणि लोकांनी दिलेलं मूळ नाव डेटाबेसच्या वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवायचं. टेस्ट तीन लिहा. ‘तुळशीबाग’ टाकल्यावर रकान्यात काना-वेलांटीसकट ‘तुळशीबाग’च राहतं. एकाच नावाचे दोन फोटो टाकल्यावर दोन वेगळ्या नावांनी साठतात आणि दोघांचे बाइट्स शाबूत राहतात. नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून वरच्या फोल्डरमध्ये घुसू पाहणारा फोटो ठरलेल्या फोल्डरबाहेर जात नाही.

या शेवटच्या टेस्टसाठी जँगोची ‘सिंपल अपलोडेड फाइल’ (टेस्टसाठीची नकली अपलोड फाइल) वापरू नका. ती नाव घेतानाच फोल्डरचा भाग छाटून टाकते, म्हणजे वाईट नाव तुमच्या कोडपर्यंत पोचतच नाही. नाव ठरवणारं फंक्शन वेगळं काढा आणि त्याला ती अक्षरं थेट द्या.

पायरी ९ : साठवण

टेस्टनं खऱ्या मीडिया फोल्डरमध्ये काहीही लिहू नये. साध्या पायथॉनमध्ये पायटेस्टचं ‘टीएमपी पाथ’ प्रत्येक टेस्टला स्वतंत्र तात्पुरतं फोल्डर देतं. जँगो ४.२ पासून मेमरीत साठवणारी ‘इनमेमरी स्टोरेज’ सोबतच मिळते, टेस्टच्या सेटिंगमध्ये तीच लावा. अ‍ॅमेझॉनच्या एस३ वर फोटो जात असतील तर ‘मोटो’ ही लायब्ररी त्याची नक्कल पुरवते. किंवा ‘ठेव’ आणि ‘दे’ अशी दोनच कामं करणारा, आत एक डिक्शनरी असलेला छोटा क्लास लिहा. लहान प्रोजेक्टला मला तो जास्त आवडतो, कारण तो वाचायला एक मिनिट लागतं.

याच क्लासला ‘या वेळी एरर दे’ असं सांगता आलं पाहिजे. साठवताना अपयश आलं तर डेटाबेसमध्ये फोटोची नोंद उरत नाही, हे तेव्हाच तपासता येतं. नाहीतर पानावर तुटक्या चित्रांचे चौकोन दिसू लागतात.

पायरी १० : शेवटी रिक्वेस्टमधून

तुकड्यांच्या टेस्ट झाल्या की पूर्ण वाटेच्या दोन-तीन पुरतात : चांगला फोटो गेला, वाईट फोटो नाकारला गेला आणि वापरणाऱ्याला समजेल असा संदेश मिळाला, लॉगिन नसताना अडवलं गेलं. जँगोमध्ये ‘सिंपल अपलोडेड फाइल’ला नाव, बाइट्स आणि प्रकार देऊन टेस्ट क्लायंटच्या पोस्टमध्ये घाला. फ्लास्कमध्ये बफर आणि नाव यांची जोडी द्यायची आणि प्रकार मल्टिपार्ट सांगायचा.

जँगो वापरणाऱ्यांनी एक फाटा लक्षात ठेवावा. २६,२१,४४० बाइट्सपर्यंतची, म्हणजे २.५ एमबीची फाइल ते मेमरीत ठेवतं. त्यापुढची तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं. डिस्कवरचा पत्ता गृहीत धरणारा कोड मोठ्या फोटोंवर चालतो आणि लहानांवर कोसळतो. ही मर्यादा टेस्टपुरती सेटिंगमधून कमी करून दोन्ही फाट्यांवर एकेक फोटो पाठवून पाहा.

दुसऱ्या भाषेत काम असेल तरी मार्ग हाच. पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये ‘अपलोडेड फाइल’च्या ‘फेक’मधून हव्या मापाचं चित्र मिळतं, त्यासाठी पीएचपीचं जीडी एक्स्टेन्शन लागतं. जाव्हाच्या स्प्रिंगमध्ये ‘मॉक मल्टिपार्ट फाइल’ आहे. साध्या पीएचपीमध्ये ‘मूव्ह अपलोडेड फाइल’ हे फंक्शन खऱ्या पोस्टमधून आलेली फाइल नसेल तर काम करायला नकार देतं, म्हणून तेवढी एक ओळ स्वतःच्या छोट्या क्लासमागे ठेवा आणि टेस्टमध्ये तो क्लास बदला.

खऱ्या फोटोंचं थोडं काम उरतंच. वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल एक्झिफ आपापल्या पद्धतीनं लिहितात, आयफोनचे एचईआयसी फोटो येतात. त्यासाठी रिकाम्या भिंतीचे, जीपीएस बंद करून काढलेले मोजके फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या टेस्ट रोजच्या युनिट टेस्टपासून वेगळ्या चालवा.

पायरी ११ : टेस्ट खरंच पकडते का ते पाहा

सगळं हिरवं झालं की कोड मुद्दाम मोडा, एका वेळी एकच जागा. जीपीएस काढणारी ओळ कॉमेंट करा आणि टेस्ट चालवा. ‘लोड’च्या जागी ‘ओपन’ ठेवा आणि चालवा. साइजच्या तुलनेत ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘पेक्षा मोठं किंवा समान’ करा आणि चालवा. वळवण्याची दिशा उलटी करा. प्रत्येक वेळी एक, निदान एक तरी, टेस्ट लाल व्हायला हवी, आणि तिच्या नावावरून काय मोडलं ते कळायला हवं. एखादी ओळ काढूनही सगळं हिरवंच राहिलं, तर त्या ओळीची टेस्ट अजून लिहायची आहे. ओळ परत जागेवर ठेवण्याआधी ती लिहून घ्या, म्हणजे लाल झालेली तिची पहिली धाव तुमच्या डोळ्यांसमोर होईल.